चौघं चार गेम खेळतायत, आणि मधे एकटा डीएम

पत्र

ताई नमस्कार, मी पुण्यात असतो, आयटीत आहे. गेले काही महिने मी डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा म्हणून, डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतोय, तो टेबलाभोवती बसून कॅरेक्टर घेऊन फाशांनी खेळायचा रोलप्लेइंग गेम, रविवारी संध्याकाळी, माझ्याच फ्लॅटवर. चार प्लेयर आहेत. एक चुलतभाऊ, तो युट्यूबवर बिल्ड, म्हणजे कॅरेक्टर ताकदवान करायच्या क्लृप्त्या, बघून येतो आणि फाइट नसली की त्याचा चेहरा पडतो. एक ऑफिसमधली मैत्रीण, ती कॉलेजात असताना पुरुषोत्तमला एकांकिका करायची, तिला कॅरेक्टरमध्ये शिरून बोलायचं असतं. तिसरा रूममेट, त्याला कोडी, नकाशे, चोरदरवाजे. चौथा शाळेतला मित्र, तो बहुतेक वेळ फोनमध्ये असतो आणि पाळी आली की 'मी काय करायचंय?' विचारतो. मी स्वतः त्या जगाचा चाळीस पानी इतिहास लिहून ठेवलाय, त्याबद्दल आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. मागच्या महिन्यात भावाच्या कॅरेक्टरने पकडलेल्या एका गॉब्लिनला, गेममधल्या बुटक्या राक्षसाला, टॉर्चर करायला सुरुवात केली, मैत्रीण म्हणाली थांब, हा म्हणाला माझं कॅरेक्टर असंच करेल, ती बॅग उचलून गेली. त्यानंतर सेशन झालेलं नाही, ग्रुपवर कुणी तारीखच टाकत नाही. मी वाईट डीएम आहे का? सिस्टिम, म्हणजे नियमांसकट गेमच, बदलू का? नेटवर ढीगभर सिस्टिम आहेत आणि जो तो म्हणतो आमचीच बेस्ट. नवी पुस्तकं घ्यायला फार पैसेही नाहीत. ता.क. त्या फोनवाल्याला काढून टाकू का?
— दमलेला डीएम

उत्तर

अरे दमलेल्या डीएम, आधी एक सांगते, तू वाईट डीएम नाहीयेस. वाईट डीएमला हा प्रश्न पडतच नाही, तो मजेत असतो, प्लेयर गळत जातात आणि तो म्हणतो हल्ली लोकांना वेळच नसतो.

पण तुझ्या पत्रात दोन भानगडी एकात एक गुंतल्यात, एक गॉब्लिनची आणि एक गेमची, आणि तू असं धरून चाललायस की सिस्टिम बदलली की दोन्ही सुटतील. गॉब्लिनची नाही सुटणार. कुठलीही सिस्टिम आण, भाऊ तिथेही कुणाला ना कुणाला खुर्चीला बांधेलच.

म्हणून गॉब्लिन आधी. 'माझं कॅरेक्टर असंच करेल' हे वाक्य जगभरातल्या टेबलांवर इतकं वापरून झालंय की आता त्याला कुणी भीक घालत नाही. कॅरेक्टर काही आभाळातून पडलेलं नसतं, भावानेच बनवलंय ना, मग ते काय करेल हेही तोच ठरवतो, आणि समोर बसलेल्या खऱ्या माणसाला त्रास होत असेल तर ते कॅरेक्टर दुसरं काहीतरी करेल, विषय संपला. हे त्याला एकट्याला गाठून सांग, ग्रुपवर नको, ग्रुपवर सांगितलंस तर तो वकिली सुरू करेल. मैत्रिणीला फोन कर, मेसेज नाही. आणि 'अगं परत ये ना' ने सुरुवात करू नकोस, त्या दिवशी डीएम म्हणून मी मधे पडायला पाहिजे होतं एवढंच म्हण आणि गप्प बस, पुढचं तिला बोलू दे.

मग सगळे भेटाल तेव्हा खेळायच्या आधी लाइन्स आणि व्हेल्स ठरवून टाका. ही पद्धत रॉन एडवर्ड्स नावाच्या डिझायनरची. लाइन म्हणजे ही गोष्ट आपल्या गेममध्ये होणारच नाही, कुणीच करणार नाही, डीएमसुद्धा नाही. व्हेल म्हणजे पडदा, ती गोष्ट होऊ शकते पण पडद्याआड, 'गॉब्लिनकडून माहिती मिळाली, पुढे चला' एवढ्यावर भागवायचं. टॉर्चर कुठे टाकायचं, लहान मुलांना इजा कुठे टाकायची, कुणाला कोळी बघवत नाहीत तर कोळी नकोत, असं पटापट. जोडीला एक्स-कार्ड ठेव, हे जॉन स्टाव्ह्रोपोलोसचं, एका कागदावर मोठी फुली मारायची आणि टेबलाच्या मधोमध ठेवायचा, कुणी त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. शाळेसारखं वाटेल, भाऊ हसेलही, हसू दे. तुझ्या मैत्रिणीकडे त्या दिवशी 'थांब' म्हणण्यापलीकडे बॅग उचलणं एवढाच मार्ग उरला होता, तसं परत होऊ नये एवढ्यासाठी हा कागद.

आता गेमकडे येऊ. तुमच्या टेबलावर पत्त्यांचा कॅट एकच आहे, पण भाऊ रमी खेळतोय, मैत्रीण मेंढीकोट, रूममेट एकटाच पेशन्स लावून बसलाय आणि शाळेतला मित्र पत्ते कधी वाटताय म्हणून थांबलाय. प्रत्येक जण आपापल्या परीने नीटच खेळतोय रे, म्हणून तर भांडण मिटत नाही. आणि हे काही तुझ्याच नशिबी आलेलं नाहीये, ग्लेन ब्लॅको नावाच्या माणसाने १९८० मध्येच लेख लिहिला होता की या गेममध्ये लोक चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी येतात, कुणाला आपलं कॅरेक्टर ताकदवान करायचं असतं, कुणाला डावपेच लढवायचे असतात, कुणाला भूमिका जगायची असते, कुणाला गोष्ट हवी असते. म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आल्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि तक्रार तुझीच.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती तर तुला सांगायलाच हवी. १९६९, अमेरिकेतलं मिनेसोटा, तिथे डेव्हिड वेसली नावाचा वॉरगेमर होता, टेबलावर छोटे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळणाऱ्यातला. त्याने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि नेहमीसारखं दोघांना दोन सैन्यं देण्यावर न थांबता बाकीच्यांना गावातली माणसं करून टाकलं, कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा मुख्य. याच्या डोक्यात होतं की शेवटी लढाई होईल. झालं काय, तर लोक खोलीभर पांगले, कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुज, कटकारस्थानं, दोघांचं तर द्वंद्वयुद्ध जुंपलं, आणि ज्या लढाईसाठी एवढा घाट घातला ती राहूनच गेली. वेसलीला वाटलं गेम पार फसला. प्लेयर विचारत होते परत कधी खेळायचं. त्या प्लेयरमधलाच एक डेव्ह आर्नेसन, त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा गेम सुरू केला आणि मग गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. तर डीएमला जे फसलंय असं वाटतं त्यात प्लेयरना काय सापडलं हे एकदा विचारून बघावं. तू विचारलंयस का? पत्रावरून तरी वाटत नाही.

बरं, ढीगभर सिस्टिममधून निवडायची कशी, तर माझी एक साधी पद्धत आहे, मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघायचा नाही, कॅरेक्टर शीट बघायची. त्या कागदावर कशाकशाचा हिशोब ठेवायला जागा केलीय ते बघायचं. गेम ज्याचा हिशोब ठेवतो त्याच्याभोवती संध्याकाळ फिरते, तू कितीही चाळीस पानं लिहिलीस तरी. डंजन्स अँड ड्रॅगन्सची शीट काढ समोर. हिट पॉइंट म्हणजे जीव किती उरलाय, आर्मर क्लास म्हणजे तुला मारणं किती अवघड, हल्ल्याचा बोनस, स्पेल स्लॉट म्हणजे किती मंत्र टाकता येतील. लेव्हल वाढली की मिळतं काय, बहुतेक करून मारायचे नवीन प्रकार. आणि बोलण्यासाठी? मन वळवायला एक पर्स्वेजन, फसवायला एक डिसेप्शन, एकेक रोल, म्हणजे एकदा फासा टाकला की झालं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीने दहा मिनिटं जीव तोडून सरदाराची मनधरणी केली असणार, डोळ्यात पाणीबिणी आणून, आणि मग तू म्हणाला असशील 'बरं, पर्स्वेजन रोल कर', आणि आले असतील वीसपैकी चार. तिकडे भावाला एका फाइटमध्ये पंधरा-वीस निर्णय घ्यायला मिळतात आणि प्रत्येकाला नियमांची साथ. त्यामुळे तुमच्या घरी भाऊ जिंकतोय यात भावाचा दोष कमीच, गेमच त्याच्या बाजूने आहे.

हे नीट दिसावं म्हणून एकच प्रसंग घेते. बंदरावरचं गोदाम, रात्र, दाराला कुलूप, आत असं काहीतरी जे तुमच्या लोकांना पाहिजे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चोर पुढे येतो, वीस बाजूंचा फासा टाकतो, अधिक डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाईचा आकडा, अधिक त्याचा बोनस, पंधरा लागतायत, आले अकरा. आवाज होतो, पहारेकरी येतात, 'इनिशिएटिव्ह रोल करा', म्हणजे आधी पाळी कुणाची ते ठरवा, चौकटींचा नकाशा उलगडला जातो आणि पुढचा दीड तास कोण कुठल्या चौकटीत उभाय यात जातो. वाईट आहे का? अजिबात नाही, ज्याला हे आवडतं त्याला हे फारच आवडतं.

जुन्या धाटणीचा गेम घे, ज्याला लोक ओएसआर म्हणतात, म्हणजे १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या वळणाचे, ओल्ड स्कूल एसेन्शियल्स, केर्न वगैरे. इथे रूममेट विचारणार कुलूप कुठल्या धातूचं आहे, बिजागऱ्या आतून का बाहेरून, कौलं काढता येतील का, मागे नाला आहे का, आणि तू सरळ उत्तरं द्यायची, युक्ती पटली की चालली, फासा टाकायची गरजच नाही कितीकदा. पण घड्याळ चालू असतं. जुन्या नियमात दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्नमध्ये विझणार, आणि दर थोड्या वेळाने तू फासा टाकून बघणार की कुणी फिरतं जनावर किंवा गस्त इकडे आली का. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला बहुतेक वेळा फार तर चार हिट पॉइंट आणि एकच मंत्र, एक सुरी लागली की गेला. आणि सगळ्यात भारी म्हणजे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, मिळतो तो मुख्यतः बाहेर काढलेल्या सोन्यावर, मारामारीवर अगदी किरकोळ, त्यामुळे पहारेकऱ्याशी न लढता माल पळवणारा शहाणा ठरतो. एका नियमाने अख्ख्या टेबलाची वागणूक बदलते बघ.

कॉल ऑफ क्थुलू, सँडी पीटरसनने १९८१ मध्ये लिहिलेला, त्यात कुलूप हा मुद्दाच नाही, पहारीने उचकटा आणि आत जा. आत काय दिसतं हा गेम. तुम्ही साधी माणसं, प्रोफेसर, पत्रकार, डॉक्टर, बऱ्याचदा १९२० च्या दशकातली, शंभरातले टक्के मांडलेली स्किल्स, त्यात लायब्ररीत शोधाशोध करणं हे सुद्धा एक स्किल आणि बंदुकीपेक्षा तेच जास्त कामाला येतं. आतलं दृश्य बघितलं की सॅनिटी रोल, डोकं ठिकाणावर राहिलं का ते बघायला, एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली तर डोकं फिरायची वेळ येऊ शकते. लढायला गेलात तर मरता. जपानमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा हा गेम लोकप्रिय आहे, जर्मनीत वर्षानुवर्षं त्यांचा स्वतःचा दास श्वार्त्से आउगे, १९८४ चा, पुढे होता, म्हणजे अमेरिकेत जे चालतं तेच 'नॉर्मल' असं समजायचं कारण नाही.

मग ब्लेड्स इन द डार्क, जॉन हार्परचा, २०१७. चोरांची टोळी, भुताखेतांनी वेढलेलं कायम अंधारातलं शहर. यात प्लॅनिंग करायचंच नाही! कसा हल्ला करणार, चोरून का फसवून का ठोकून, एवढं ठरवा, एक रोल, आणि डायरेक्ट गोदामाच्या दारात उभे. कुलूप दिसलं? मैत्रीण म्हणते 'थांबा, मी परवाच इथल्या मुकादमाला दारू पाजून किल्लीचा साचा घेतलाय', आणि तो परवाचा प्रसंग आत्ता खेळायचा, त्याची किंमत स्ट्रेसमध्ये भरायची. स्ट्रेसची नऊ घरं, भरली की ट्रॉमा, आणि ट्रॉमा कायमचा चिकटतो. बॅगेत काय आणलंय हेही आधी लिहायचं नाही, ओझं हलकं का भारी एवढंच सांगायचं आणि लागेल तेव्हा दोर होता म्हणायचं. फासे सहा बाजूंचे, जितके मिळतील तितके टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा, सहा आला तर काम फत्ते, चार-पाच आला तर काम होतं पण काहीतरी बिघडतं, त्याच्या खाली आला तर बिघडतंच.

हे 'होतं पण' जिथून लोकप्रिय झालं तो अपोकॅलिप्स वर्ल्ड, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा, २०१०. दोन फासे, दहा किंवा वर झकास, सात ते नऊ किंमत मोजून, सहा किंवा खाली तर डीएमची पाळी. यावरून इतके गेम निघाले की त्यांचं एक वेगळं घराणंच झालंय, कुणी राक्षस शोधतंय, कुणी टीनएजर सुपरहिरो आहे. यात तुझं काम तयारी करून येणं कमी आणि प्रश्न विचारणं जास्त, 'हा मुकादम तुझ्या ओळखीचा कसा?', आणि उत्तर जे येईल ते खरं.

आणि फिआस्को, जेसन मॉर्निंगस्टारचा, २००९. डीएम नाही. तीन ते पाच जण, दोन-तीन तास, मूळ आवृत्तीत साधे सहा बाजूंचे फासे. इथे गोदामाच्या दाराशी दोन मेव्हणे किल्ली कुणी हरवली यावरून भांडत उभे राहतात, आत काय आहे ते बाजूलाच राहतं, एकाने दुसऱ्याच्या बायकोकडून पैसे उचललेत हे तेवढ्यात बाहेर येतं आणि अर्ध्यावर गेल्यावर सगळं आणखी वाईट व्हायचा एक टप्पा नियमातच आहे. जिंकायचं काही नाही, सगळ्यांचं वाटोळं कसं मस्त होतंय ते बघायचं.

झाले पाच-सहा, पुरे. अजून कितीतरी आहेत, ट्रॅव्हलर आहे १९७७ चा, ज्याच्या मूळ नियमात कॅरेक्टर बनवता बनवताच ते मरू शकतं, पेंड्रॅगन आहे १९८५ चा, ज्यात तुझा सरदार दयाळू का क्रूर हे आकड्यात लिहिलेलं असतं आणि कधीकधी फासा ठरवतो तू कसा वागलास, ड्रेड आहे ज्यात फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, ठोकळा ओढायचा, मनोरा पडला की तुझं कॅरेक्टर संपलं. पण यादी करत बसले तर तू परत नेटवर जाऊन तीनशे व्हिडिओ बघशील.

तुझ्या टेबलाचं काय करायचं ते सांगते. पहिली गोष्ट, चौघांना 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारू नकोस, सगळे म्हणतील रोलप्ले आवडतं, थोडी फाइट, थोडी स्टोरी, हे उत्तर कुणीही देतं. 'आत्तापर्यंतच्या सेशनमधलं तू दुसऱ्या कुणाला काय सांगितलंस' ते विचार. भावाने ऑफिसात जाऊन काय सांगितलं असेल, 'एका टर्नमध्ये पस्तीस डॅमेज काढलं'. रूममेटने 'तो फरशीखालचा जिना मी शोधला'. हे खरं उत्तर. आणि स्वतःलाही विचार.

दुसरी, कॅम्पेन, म्हणजे तुमची चालू असलेली लांबलचक गोष्ट, सध्या राहू दे. संपलं म्हणू नको, सुट्टीवर आहे म्हण. एका रविवारी फिआस्को खेळा, तुम्ही पाच जण आहात, बरोबर बसतं, आणि मुख्य म्हणजे तुला डीएम नसायला मिळेल, तू या सगळ्यात शेवटचा प्लेयर म्हणून कधी बसलायस? मैत्रिणीला पहिल्यांदा असा गेम मिळेल जिथे तिच्या बोलण्यावर कुणी फासा मारत नाही, ती आधी अर्थातच हो म्हणाली तर. पीडीएफ विकत घ्यावी लागते पण पाच जणांत एक पुरते. तेवढेही पैसे घालायचे नसतील तर जॉन हार्परचाच लेझर्स अँड फीलिंग्ज आहे, फुकट, अख्खा गेम एका पानावर, दोन ते पाचमधला एक आकडा निवडायचा, मोठा निवडलास तर यंत्रं-बिंत्रं नीट जमतात आणि माणसांशी वांधे, लहान निवडलास तर उलटं. वाचून खेळायला सुरुवात करायला अर्धा तास खूप.

तिसरी, नंतर पाच-सहा सेशनचं ब्लेड्स लावून बघ, त्याचे मूळ नियम आणि शीट्स फुकट मिळतात. भावाला टोळी वाढवायची, नवीन क्षमता घ्यायच्या, म्हणजे बिल्डची खाज भागते, मैत्रिणीला प्रत्येक कामगिरीच्या मधल्या काळात आपल्या व्यसनाचे, शत्रूंचे, उधाऱ्यांचे प्रसंग करता येतात. रूममेटचं मात्र नक्की सांगता येत नाही, प्लॅनिंग काढून घेतलं की नकाशावाल्या माणसांना हात कापल्यासारखं होतं काही वेळा. त्याला आधीच सांग, आणि तरी तो कंटाळला तर ब्लेड्सनंतर केर्न घ्या, तोही फुकट आहे, आणि मग भाऊ कुरकुरेल कारण केर्नमध्ये बिल्ड नावाचा प्रकारच नाही, जे अंगावर सामान आहे तेच तुझं कॅरेक्टर. पाळीपाळीने कुरकुर चालते रे, दर रविवारी एकाच माणसाने कुरकुरावं ते चालत नाही.

आणि भावाची सगळी भूक तुमच्याच टेबलावर भागली पाहिजे असा नियम नाहीये. त्याला पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती दाखव, २०१९ ची, दर टर्नला तीन अॅक्शन आणि बिल्डचा महासागर, सगळे नियम नेटवर अधिकृतपणे फुकट. डिस्कॉर्डवर त्याच्यासारखीच माणसं सापडतील, बुधवारी रात्री तिकडे डॅमेज मोजून आला की रविवारी जरा माणसात असेल.

तुझ्या चाळीस पानांबद्दल, हे जरा लागेल. लिहिणं वेगळं आणि चालवणं वेगळं. तुला जग रचण्यातच मजा येते, त्यात काही वावगं नाही, पण प्लेयरना ते वाचायला लावलं की मग हळूहळू त्यांना तू ठरवलेल्या रस्त्यानेच ढकलत नेतोस, त्यांना ते कळतं आणि ते फोन काढतात. त्या हौसेसाठी वेगळे गेम आहेत. द क्वाएट इयर, एव्हरी अॅल्डरचा, नेहमीचा बावन्न पानी कॅट घ्यायचा, एक पत्ता म्हणजे एक आठवडा, सगळ्यांनी मिळून एका वस्तीचा नकाशा कागदावर काढत जायचं, हिवाळ्यात इस्पिकचा राजा निघाला की खेळ थांबतो. तुझं जग असं चौघांच्या हातून बनलं तर ते त्याबद्दल विचारतील, कारण नदीला नाव भावाने दिलं असेल. आणि एकट्याने खेळायचं असेल तर आयर्नस्वॉर्न आहे, २०१८ चा, शॉन टॉमकिनचा, पीडीएफ फुकट, डीएम लागत नाही, तू आणि तुझी वही.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही खेळता कुठल्या भाषेत? पुस्तक इंग्लिश म्हणून टेबलावरही इंग्लिश असेल तर ते आजपासून बंद करा. नियमांचे शब्द राहू देत इंग्लिश, आर्मर क्लासला आर्मर क्लासच म्हणा, पण सरायवाला मराठीत बोलू दे, आणि शक्यतो पुस्तकी नाही. घरी मराठी बोलणारी माणसं इंग्लिशमध्ये कॅरेक्टर करायला गेली की सगळ्यांचा आवाज अमेरिकन व्हिडिओ गेमसारखा होतो, त्यात शाळेतल्या मित्रासारखे लोक तर तोंडच उघडत नाहीत. तुझ्या मैत्रिणीला मालवणी किंवा कोल्हापुरी बोलणारा जकातदार करू दे एकदा आणि बघ.

आणि ते क्रिटिकल रोल वगैरे, लोक हाच गेम खेळताना दाखवणारे शो, बघत असशील तर बघ, मजेसाठी बघ, पण त्याच्याशी स्वतःला मोजू नको. ती माणसं पेशाने व्हॉइस अॅक्टर आहेत आणि समोर कॅमेरा आहे. तुमच्या फ्लॅटवर मधेच भेळ येते, कुकरची शिट्टी होते, कुणाची आई फोन करते, ते तसंच असतं.

तारीख कुणी टाकत नाही त्यावरही एक तोडगा आहे, वेस्ट मार्चेस म्हणतात त्याला, बेन रॉबिन्स नावाच्या डीएमने असा गेम चालवला होता, ठरलेला वार नाही, ठरलेला ग्रुप नाही, प्लेयरनीच आपसात ठरवायचं की आम्ही तिघं अमुक दिवशी त्या पडक्या बुरुजाकडे जाणार, आणि मग डीएमला सांगायचं. त्याला दहाबारा प्लेयर लागतात, तुझ्याकडे चार आहेत, त्यामुळे अख्खा नको उचलूस, फक्त एवढंच घे की पुढच्या वेळी कुठे जायचं आणि कधी, हे सेशन संपतानाच प्लेयर सांगतील, तू नाही.

राहिला तुझा ता.क. नको काढू त्याला. रॉबिन लॉजने २००२ मध्ये डीएमसाठी लिहिलेल्या पुस्तकात प्लेयरचे प्रकार सांगितलेत, त्यात एक कॅज्युअल गेमर असा आहे, जो गेमसाठी नाही तर माणसांसाठी येतो, आणि लॉजचं म्हणणं हेच की त्याला बळजबरीने रंगात आणायला जाऊ नका, तो जसा आहे तसा टेबलाला लागतो. तीन हट्टी माणसांमध्ये एक असा असणं चांगलंच आहे, भाऊ आणि मैत्रीण एकमेकांकडे बघत नसतील तेव्हा दोघंही त्याच्याशी बोलतील. फक्त त्याला कॅरेक्टर सोपं दे, मंत्रांच्या याद्या असलेलं देऊ नको, कुऱ्हाड दे आणि मोकळा सोड. आणि फोन हातात असतोच ना, मग ग्रुपवर पुढची तारीख टाकायचं काम त्यालाच दे.